सूर्यमाळचा चढ आणि एअरकूल्ड मोटार : इंजिनातील तेल तापू नये यासाठी

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हे जिल्ह्यातील सर्वांत उंच वस्तीचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंचीवरील या थंड हवेच्या गावी मुंबई, ठाणे आणि नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येते. त्यामुळे जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी मालकांनाही हा रस्ता खुणावतो. मात्र गाडी फोक्सवॅगन बीटलसारखी हवेने थंड होणारी, म्हणजेच एअरकूल्ड असेल, तर चढाला लागण्यापूर्वी तिच्या इंजिनातील तेलाची काळजी घेणे आवश्यक ठरते.

पाण्याने थंड होणारी जीप घाटात तापली की बॉनेटखालून वाफ येते. चालक चाकाखाली दगड लावतो, रेडिएटर निवण्याची वाट पाहतो आणि पाणी भरून पुढे निघतो. एअरकूल्ड गाडीत असा इशारा मिळत नाही. तिच्यात पाणी नाही, त्यामुळे वाफही नाही. बीटलच्या डॅशबोर्डवर कारखान्याने तापमानाचा काटादेखील दिलेला नव्हता. इंजिन निमूटपणे तापत जाते, तेल पातळ होत जाते आणि बिघाड कळतो तेव्हा बेअरिंग खराब झालेली असतात. ज्या गाडीचे सुटे भाग मुंबईतही शोधावे लागतात, ती खोडाळ्याच्या पुढे बंद पडणे म्हणजे ट्रकवर चढवून परत आणणे होय.

रेडिएटर नसलेले इंजिन

डॉ. फर्डिनांड पोर्शे यांच्या पथकाने १९३० च्या दशकात जर्मनीत बीटलचा आराखडा तयार केला. तेथील कडाक्याच्या थंडीत रेडिएटरमधील पाणी गोठून इंजिन फुटण्याचा धोका असे. पाणीच नको, हा त्यावरील सोपा उपाय होता. पाण्याची टाकी, पंप आणि नळ्या नसल्याने इंजिन हलके व स्वस्तही झाले. दुसऱ्या महायुद्धात याच रचनेची लष्करी गाडी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावली. म्हणजेच हवेने थंड होणारे इंजिन उष्ण प्रदेशात चालतच नाही, हा समज खरा नाही. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची जुनी बीटल तयार झाली, तोवर जगभरात २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. भारतात या जुन्या बीटलचे उत्पादन कधी झाले नाही. येथे दिसतात त्या निरनिराळ्या काळी आयात झालेल्या मोजक्या गाड्या. पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी भारतीय बाजारात आलेली 'न्यू बीटल' दिसायला जुन्या गाडीची आठवण करून देणारी असली, तरी तिचे इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारे होते.

जुन्या बीटलचे चार सिलिंडरचे इंजिन गाडीच्या मागच्या भागात असते. दोन सिलिंडर डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे बसवलेले असतात. प्रत्येक सिलिंडरभोवती पातळ पाकळ्या असतात. त्यांच्यावरून हवा गेली की उष्णता वाहून नेली जाते. ही हवा गाडीच्या वेगाने येत नाही. ती पंखा आणतो. पंखा डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला असून तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन वेगाने फिरत असताना हा पंखा सेकंदाला सुमारे ५०० लिटर हवा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो.

उरलेले काम तेल करते. पिस्टनच्या खालची बाजू, क्रँकशाफ्टची बेअरिंग आणि व्हॉल्व्हच्या भागातील उष्णता तेल उचलते. ते पंख्याच्या आवरणातील छोट्या ऑइल कूलरमधून फिरते आणि थोडे निवून परत येते. एअरकूल्ड इंजिनात तेल हे केवळ वंगण नाही. थंड करणारे ते दुसरे माध्यम आहे. असे असूनही बीटलच्या इंजिनात तेल मावते अवघे अडीच लिटर. त्यात अर्धा लिटर तूट आली, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या तेलाचा पाचवा हिस्सा गेलेला असतो.

किती तापले म्हणजे धोका?

सर्वसाधारण प्रवासात या इंजिनातील तेल ८० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणे योग्य मानले जाते. १२० अंशांच्या पुढे वेग कमी करून कारण शोधावे. काटा १३० च्या पुढे जात असेल तर थांबणे हेच शहाणपणाचे. तेल फार थंड राहणेही चांगले नाही. जळणातून तयार होणारी वाफ तेलात मिसळते. तेल पुरेसे तापले नाही, तर हा ओलावा उडून जात नाही आणि आत पिवळसर चिकटा साचतो.

तापमान वाढते तसे तेल किती झपाट्याने पातळ होते, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या ३० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांना जेवढा असतो, तो १३० अंशांना जवळपास निम्म्यावर येतो. पातळ तेल बेअरिंगच्या फटीतून लवकर निसटते आणि दाब उतरतो. त्यात बीटलच्या इंजिनाचा ब्लॉक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. हा धातू पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो. त्यामुळे इंजिन तापले की क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील फट वाढते. एकीकडे तेल पातळ, दुसरीकडे फट मोठी. धातूवर धातू घासण्याची सुरुवात येथून होते.

तेलाचे आयुष्यही तापमानावर अवलंबून असते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणूनच या इंजिनात दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलण्याची पद्धत आहे. त्यात कागदी फिल्टर मुळात नाही; तारेची जाळी तेवढी आहे. तेल बदलताना ती काढून धुतली पाहिजे.

मूळ गाडीत काटा नसल्याने तो बसवून घेणे ही पहिली पायरी होय. डिपस्टिकच्या जागी बसणारे तापमापक मिळते किंवा चेंबरच्या तळाच्या झाकणात सेन्सर बसवता येतो. दोन्ही ठिकाणची नोंद नेमकी सारखी येत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा माहीत असणे महत्त्वाचे. रोजच्या रस्त्यावर ९५ दाखवणारा काटा त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत ११० दाखवू लागला, तर काहीतरी बिघडले आहे.

चढावर गिअरचे गणित

घाटात गाडी तापते ती उंचीमुळे, असे अनेकांना वाटते. साडेपाचशे मीटर उंचीवर हवा सुमारे पाच टक्के विरळ होते, हे खरे. परंतु तेवढ्याच उंचीवर ती तीन-साडेतीन अंशांनी थंडही असते. सूर्यमाळच्या उंचीमुळे इंजिनाला फारसा त्रास होण्याचे कारण नाही. त्रास होतो तो चढामुळे आणि चढावरील चुकीच्या गिअरमुळे.

चार माणसे आणि सामान यांसह बीटलचे वजन ११०० किलोच्या आसपास जाते. ही गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने दर २० मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यायची, तर सपाटीच्या तिपटीहून अधिक शक्ती लागते. पेट्रोलमधील ऊर्जेचा लहान भागच चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली सगळी उष्णता असते. म्हणजे चढावर इंजिनात निर्माण होणारी उष्णताही त्याच हिशेबाने वाढते.

ही उष्णता काढणारा पंखा मात्र इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, गाडीच्या वेगावर नव्हे. १६०० सीसीच्या बीटलमधील गिअरच्या प्रमाणानुसार ताशी ४० किलोमीटर वेगाला इंजिन चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे १२५० फेरे घेते. तिसऱ्यात हाच आकडा १७५० आणि दुसऱ्यात २८५० च्या आसपास जातो. रस्ता तोच, वेग तोच, चढही तोच. दुसऱ्या गिअरमध्ये पंखा तिसऱ्याच्या मानाने दीडपटीहून अधिक हवा देतो. तेलाचा पंपही इंजिनावरच चालत असल्याने कूलरमधून फिरणारे तेल वाढते.

इंजिनचा आवाज वाढला की गाडीवर अत्याचार होतो, अशी भावना असल्याने अनेक चालक वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी रेटत राहतात. पाण्याच्या गाडीत रेडिएटर काही काळ ही चूक झाकतो. एअरकूल्ड गाडीत ती थेट सिलिंडर हेड आणि तेलावर येते. ॲक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबूनही वेग वाढत नसेल, तर गिअर खाली आणण्याची वेळ झालेली असते. इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे, पाय हलका ठेवावा आणि वेग कमी झाला तर होऊ द्यावा.

उतारावर याच्या उलट घडते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की जळण जवळपास थांबते, पण पंखा फिरतच राहतो. लांब उतार हा तेल निववण्याचा उत्तम मार्ग आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्यास हा फायदा जातो आणि ब्रेकवरचा भार वाढून धोकाही निर्माण होतो.

दोष बहुधा तेलात नसतो

तेल तापू लागले की पहिला विचार तेल बदलण्याचा किंवा जादा कूलर बसवण्याचा येतो. प्रत्यक्षात कारण बहुतेकदा हवेच्या वाटेत सापडते.

इंजिनाभोवतीचा पत्रा ही त्यातील मुख्य बाब. वरच्या कप्प्यात थंड हवा, खालच्या बाजूला तापलेली हवा आणि सायलेन्सर, अशी या गाडीची विभागणी आहे. दोहोंमध्ये पत्रा आणि कडेला रबरी पट्टी असते. इंजिन उतरवून परत बसवताना एखादा पत्रा 'अडचण होते' म्हणून बाहेर राहतो, किंवा कुजलेली रबरी पट्टी बदलली जात नाही. मग पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा खेचतो. प्लगच्या वायरींवरील रबरी टोप्या निसटल्या, तरी सिलिंडरवर जाणारी हवा तेथून बाहेर पडते. काही रुपयांच्या या वस्तू हजारो रुपयांचे इंजिन वाचवतात.

दुसरी बाब ऑइल कूलरची. जुन्या इंजिनांत तो पंख्याच्या आवरणात नेमका हवेच्या वाटेत उभा असे. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला कमी आणि तापलेली हवा मिळे. कारखान्याने यावर उपाय म्हणून त्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल, अशी व्यवस्था डिस्ट्रिब्युटरमध्ये केली होती. १९७१ च्या मॉडेलपासून १६०० सीसी इंजिनात कूलर बाजूला हलवून त्याला हवेची वेगळी वाट देण्यात आली आणि पंखाही रुंद झाला. गाडी घेताना किंवा इंजिन बांधताना कोणता कूलर आहे, हे पाहणे उपयोगी ठरते. कूलर कोणताही असो, गळणाऱ्या तेलावर धूळ बसून त्याच्या पाकळ्या बुजतात. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनातही हा भाग आतून मातीने भरलेला असू शकतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या पंख्याच्या आवरणात उंदरांनी घरटे केल्याचे प्रकारही घडतात.

तिसरी बाब पट्टा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १५ मिलिमीटर दबला पाहिजे. ढिला पट्टा घसरतो आणि पंखा मंदावतो. फार ताणलेला पट्टा डायनॅमोची बेअरिंग खातो. पुलीच्या दोन भागांतील चकत्या कमी-अधिक करून हा ताण जुळवतात.

त्यानंतर येते ते इंजिनचे ट्यूनिंग. टायमिंग चुकले, व्हॉल्व्हची फट कमी झाली किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येऊ लागले, तर उष्णता वाढते. नंतरच्या बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवतात आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी लागते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. त्याची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि तो जळतो. ब्रेक चिकटून राहिले असतील, तरी इंजिनाला विनाकारण अधिक काम करावे लागते.

पेट्रोलमधील इथेनॉल हा या यादीतील नवा मुद्दा. देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेसाठी जळण अधिक लागते. आधुनिक गाडीतील संगणक हा फरक भरून काढतो. जुन्या कार्ब्युरेटरची जेट मात्र ठरावीक मापाची असते. मिश्रण 'हलके' होते आणि इंजिन अधिक तापते. अशा वेळी जेटचे माप तपासून मिश्रण जुळवून घ्यावे. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर तडकतात. इंजिनावर पेट्रोल गळणे हे तापण्याहूनही गंभीर असल्याने त्या नळ्या आधी बदलणे इष्ट.

थर्मोस्टॅट काढावा का?

आपल्याकडे थंडी ती किती, मग थर्मोस्टॅट हवाच कशाला, असा प्रश्न मिस्त्री मंडळी विचारतात आणि तो काढून टाकतात. इंजिनाच्या खालच्या बाजूस असलेली ही छोटी डबी ६५ ते ७० अंशांच्या सुमारास फुगते आणि आवरणातील झडपा उघडते. इंजिन थंड असताना झडपा बंद राहतात, त्यामुळे ते लवकर कामाच्या तापमानाला येते. डबी फुटून निकामी झाली, तर ती फुगलेल्या अवस्थेतच राहते आणि झडपा उघड्या राहतात. बिघाडातही इंजिन थंड राहावे, असा विचार मूळ रचनेत आहे.

थर्मोस्टॅट काढल्याने चढावरचे तापमान कमी होत नाही. तापलेल्या इंजिनात झडपा तशाही उघड्याच असतात. उलट सूर्यमाळ परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहते आणि झीज वाढते. त्यातही झडपा अर्धवट काढल्या किंवा गंजून बंद स्थितीत अडकल्या, तर हवा अडते आणि इंजिन खरोखरच तापते. म्हणून थर्मोस्टॅट काढण्याऐवजी तो व त्याच्या झडपा मोकळेपणाने हलतात का, हे तपासणे योग्य.

घट्ट तेलाचा गैरसमज

गाडी तापते म्हणून जाड तेल टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात एक मेख आहे. बीटलच्या इंजिनात तेलाचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एक झडप उघडते आणि तेल कूलरला वळसा घालून थेट बेअरिंगकडे जाते. थंड, घट्ट तेलाच्या दाबाने कूलर फुटू नये, यासाठी ही सोय आहे. गरजेपेक्षा जाड तेल टाकले, तर ही झडप अधिक काळ उघडी राहते. म्हणजेच थंड करण्यासाठी टाकलेले तेल कूलरमधून कमी जाते. जाड तेल ढवळण्यात शक्ती खर्च होते आणि त्याचीही उष्णताच होते.

कंपनीच्या जुन्या पुस्तिकांत उबदार हवामानासाठी ३० ग्रेडचे तेल सांगितलेले आढळते. आज पेट्रोल पंपावर सहज मिळणारे १५डब्ल्यू-४० हे चांगल्या स्थितीतील इंजिनाला उन्हाळ्यातही पुरेसे ठरते. २०डब्ल्यू-५० चा उपयोग झिजलेल्या इंजिनात दाब टिकवण्यापुरता होतो. ती झीज लपवण्याची सोय आहे, तापण्यावरचा इलाज नव्हे. पातळी मात्र दर प्रवासाआधी, गाडी सपाट जागी उभी करून आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पाहावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही टाळावे.

सूर्यमाळच्या वाटेवर

मुंबईकडून येणारा चालक बहुधा मुंबई-नाशिक महामार्गाने पडघा, शहापूर, खर्डी असा कसाऱ्यापर्यंत येतो आणि तेथून विहीगाव, खोडाळामार्गे सूर्यमाळला जातो. या प्रवासात तेल तापण्याची सुरुवात चढावर होत नाही; ती महामार्गावर होते. सलग तासभर वेगाने धावलेल्या एअरकूल्ड इंजिनातील तेल आधीच वरच्या टप्प्यात पोहोचलेले असते. त्याच अवस्थेत चढाला लागल्यास काटा झपाट्याने धोक्याच्या खुणेकडे सरकतो.

यावर दोन उपाय आहेत. महामार्गावर वेग ताशी ७०-७५ किलोमीटरपर्यंत ठेवावा आणि महामार्ग सोडण्यापूर्वी कसारा परिसरात १५-२० मिनिटे थांबावे. चहा होतो, तेलही निवते. थांबताना इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू द्यावे, म्हणजे पंखा हेडमधील उष्णता बाहेर काढतो.

निघण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. एअरकूल्ड इंजिनातील तेलाचे तापमान बाहेरच्या हवेबरोबर जवळपास अंशाला अंश वाढते. जानेवारीच्या सकाळी २० अंश तापमानात जी गाडी १०० दाखवते, तीच तशीच चालवली तरी मेमधील ४० अंशांच्या दुपारी १२० च्या आसपास जाईल. शहापूर ते कसारा हा पट्टा एप्रिल-मेमध्ये चांगलाच तापतो. पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी सूर्यमाळ गाठणे हा बिनखर्चाचा कूलर आहे.

पालघरच्या बाजूने मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असा मार्ग आहे. येथे महामार्गाचा वेग कमी, पण जव्हारपर्यंतचा चढ आणि वळणे अधिक. या मार्गावर जव्हार हा विसाव्याचा नैसर्गिक टप्पा ठरतो. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरकडून मोखाड्याला उतरताना इंजिनाची चिंता नसते. त्यांचा चढ परतीच्या प्रवासात असतो. दुपारच्या उन्हात भरल्या गाडीने परत निघताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दिवा लागला तर

बीटलमध्ये काटे नसले, तरी दोन दिवे आहेत. डायनॅमोचा दिवा लागला तर केवळ चार्जिंग गेले, असे समजून पुढे जाऊ नये. डायनॅमो आणि पंखा एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असेल तर पंखा थांबलेला आहे आणि इंजिन काही मिनिटांतच निकामी होऊ शकते. गाडी तत्काळ बाजूला घेऊन बंद करावी. गाडीत एक जादा पट्टा आणि तो बसवण्याचे पाने असणे अत्यावश्यक.

तेलाच्या दाबाचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन त्या क्षणी बंद करावे. हा दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. त्यानंतर 'पुढच्या गावापर्यंत' जाण्यास वाव नसतो. चढ संपल्यावर मंद फिरणाऱ्या इंजिनात तो नुसता लुकलुकला आणि किंचित ॲक्सिलरेटर देताच विझला, तर तेल फार तापले आहे किंवा बेअरिंग झिजल्या आहेत, असा त्याचा अर्थ. गाडी निवू द्यावी, पातळी पाहावी आणि परतल्यावर दाब मोजून घ्यावा.

तापलेल्या इंजिनावर पाणी मुळीच ओतू नये. सिलिंडर बिडाचे आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. अचानक थंडावल्याने त्यांना तडे जाऊ शकतात. मागचे झाकण उघडून सावलीत अर्धा तास उभे राहणे, एवढाच उपाय रस्त्यावर उपलब्ध आहे.

जादा कूलर केव्हा?

हवेची वाट, टायमिंग आणि मिश्रण बरोबर असूनही तेल सतत १२० अंशांच्या वर जात असेल, तरच बाहेरील ऑइल कूलरचा विचार करावा. तो मूळ कूलर काढून नव्हे, तर त्याच्या जोडीला आणि स्वतःच्या थर्मोस्टॅटसह असावा. त्याच कामात कागदी फिल्टर बसवून घेतल्यास तेल स्वच्छ राहते. चेंबरखाली बसवायची जादा तेलाची टाकीही मिळते. तेल वाढल्याने तापण्यास वेळ लागतो, पण लांब चढावर शेवटी तापमान जवळपास तेथेच पोहोचते. शिवाय गाडीची जमिनीपासूनची उंची घटते. खडबडीत रस्त्यावर ही टाकी दगडाला लागली, तर सगळे तेल रस्त्यावर सांडेल.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यात गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. अशी नोंदणी असलेल्या किंवा ती घेऊ इच्छिणाऱ्या मालकांनी इंजिनात फेरबदल करण्यापूर्वी हे नियम पाहून घ्यावेत. अशा गाड्या नियमित वापरासाठी नसून प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

हौसेपुरता विषय नाही

बीटल मोजक्या लोकांकडे असली, तरी हवेने थंड होणारी इंजिने जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर रोज धावतात. बहुतेक साध्या मोटारसायकली हवेनेच थंड होतात आणि त्यांच्यात तेल असते जेमतेम लिटरभर. अनेक रिक्षा आणि तीनचाकी टेम्पोही याच तत्त्वावर चालतात. ज्यांत पंखा इंजिनावर फिरतो, त्यांना चढावरील गिअरचा वरील नियम तसाच लागू पडतो. ज्या मोटारसायकलला पंखा नाही, तिला मात्र धावण्याच्या वाऱ्यावरच अवलंबून राहावे लागते. म्हणून चढ चढून आल्यावर ती उभी ठेवून इंजिन चालू सोडू नये. हौशी मालकाच्या गाडीचे इंजिन गेले तर त्याची हौस हिरमुसते. तीनचाकीचे गेले तर घरातील रोजची मिळकत थांबते.

प्रवासाला निघण्यापूर्वी

- तेलाची पातळी सपाट जागी तपासावी. पाच हजार किलोमीटर झाले असल्यास तेल बदलून जाळी धुवावी.
- पट्ट्याचा ताण पाहावा. जादा पट्टा, पाने आणि एक लिटर तेल सोबत ठेवावे.
- इंजिनाभोवतीचे पत्रे, रबरी पट्टी आणि प्लगच्या टोप्या जागेवर आहेत का, ते पाहावे.
- टायमिंग, व्हॉल्व्हची फट आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण तपासून घ्यावे. पेट्रोलच्या नळ्या तडकल्या नाहीत याची खात्री करावी.
- उन्हाळ्यात पहाटे निघावे आणि चढापूर्वी १५-२० मिनिटे थांबावे.
- चढावर गिअर वेळेत खाली आणावा, ॲक्सिलरेटर हलका ठेवावा.
- तेल १२० अंशांवर गेल्यास वेग कमी करावा, १३० वर गेल्यास थांबावे.
- तेलाचा किंवा डायनॅमोचा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.